चालता धंदा बंद करताना

ॲम्प्लिफायर बनवण्याचा आमचा छोटा धंदा मी ३१ मार्च २०२५ ला बंद केला. तारीख आर्थिक वर्षाच्या शेवटची, आणि ती मी नाही, आमच्या सीए मॅडमनी ठरवली. "अध्येमध्ये बंद केलंत तर स्टॉक दोनदा मोजावा लागेल आणि माझं बिलही दोनदा येईल," असं त्यांनी डिसेंबरातच सांगून टाकलं होतं. पुण्यात एवढं स्पष्टीकरण पुरतं.

धंदा म्हणजे नऱ्ह्यातला भाड्याचा एक गाळा. माणसं तीन: मी, सर्किट बोर्ड भरणाऱ्या एक ताई, आणि वायरिंग-टेस्टिंग करणारा एक मुलगा. माल दोनच प्रकारचा. एलएम३८८६ या आयसीवरचा स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि रेकॉर्ड प्लेअरला लागणारा फोनो प्रीॲम्प. बाकी सगळं बाहेरून यायचं. ट्रान्सफॉर्मर भोसरीहून, पत्र्याचा डबा शिवण्याहून, पावडर कोटिंग धायरीत, सुटे भाग थोडे परदेशी वितरकांकडून आणि थोडे बुधवारातल्या तपकीर गल्लीतून. नातेवाइकांना हे काम शेवटपर्यंत नीट कळलं नाही. 'साऊंडचा धंदा' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर गणपतीतल्या स्पीकरच्या भिंती यायच्या. दर श्रावणात कुणाच्या तरी ओळखीने एखाद्या मंडळाचा फोन ठरलेला: "दहा दिवसांचं काय घेता?"

बंद करतोय म्हटल्यावर मात्र सगळ्यांचा प्रश्न एकच. तोटा झाला का? नाही म्हटलं की समोरचा माणूस आवाज खाली आणून विचारायचा, "मग नक्की झालं काय?" कर्जात बुडालो असतो तर लोकांना ते पटकन पचलं असतं, दोन-चार जणांनी धीरही दिला असता. चालता धंदा माणूस आपणहून बंद करतो, हे कुणाच्या गळी उतरत नाही. माझ्या मेहुण्याने तर बायकोला बाजूला घेऊन तब्येतीची चौकशी केली.

कारण एक नव्हतं. आधी पैशाचं सांगतो, कारण ते आकड्यांत सांगता येतं. आमचा ॲम्प्लिफायर गिऱ्हाइकाला ४२,००० रुपयांना पडायचा. त्यातले सुमारे ६,४०० रुपये १८ टक्के जीएसटीचे. ट्रान्सफॉर्मर, डबा, बोर्ड, सुटे भाग मिळून १९,०००. पगार, भाडं, वीज, खोकं, कुरिअर यांचा वाटा ११,०००. उरले साडेपाच हजारांच्या आसपास. त्यातच तीन वर्षांच्या वॉरंटीची तरतूद, आणि 'माझ्या खोलीत डावीकडचा स्पीकर जरा दबका वाटतो' अशा तासभराच्या फोनांची मजुरी. किंमत वाढवली तर लोक आयात मालाकडे बघतात. कमी केली तर सरळ ब्लूटूथ स्पीकरशी तुलना होते. मधल्या चिंचोळ्या पट्टीत आम्ही बरीच वर्षं उभे होतो, आणखीही राहता आलं असतं. घर चालत होतं.

दुसरं कारण सुट्या भागांचं. आमच्या प्रीॲम्पचा जीव एका जपानी ट्रान्झिस्टरमध्ये होता, तोशिबाचा २एसके१७०. फार शांत भाग. कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसवलेल्या भागातून, येणारा सिग्नल जेमतेम पाच मिलिव्होल्टचा, तो शंभरपट मोठा करायचा, आणि तेही पाठीमागची सळसळ मोठी न करता. तोशिबाने तो बनवणं बंद केलं आणि बाजार नकली मालाने भरला. छपाई हुबेहूब. करंट मोजला तर बऱ्याचदा तोही बसायचा, त्याच्या बीएल या करंट-गटाला ६ ते १२ मिलिॲम्पिअर हवा, तेवढा मिळायचा. सळसळ ऐकली की मगच चोरी कळायची. म्हणजे आलेला प्रत्येक तुकडा बोर्डावर लावून, कानाला हेडफोन लावून तपासणं आलं. बदली भाग बाजारात आहेत, नवं सर्किट काढता आलं असतं. मला ते जमत नव्हतं अशातला भाग नाही. पण काढायला बसलो आणि लक्षात आलं की मी सर्किटचा विचारच करत नाहीये. जुन्या डब्यात कसं बसेल, जुन्या किमतीत कसं बसेल आणि मॅन्युअल पुन्हा छापावं लागेल का, एवढंच डोक्यात चाललंय.

हे तिसरं कारण, आणि खरं कारण. दहा-बारा वर्षांपूर्वी मी ॲम्प्लिफायर बनवायचे म्हणून धंदा काढला. शेवटच्या काही वर्षांत दिवसातला फार तर तासभर सोल्डरिंग आयर्नपाशी जायचा. बाकीचा वेळ ई-वे बिलं, पावडर कोटिंगवाल्याचे 'उद्या नक्की' आणि परत आलेली खोकी उघडण्यात. कुणी विकत घेणार नाही अशी एखादी वस्तू बनवून बघावी, एवढीही मोकळीक उरली नव्हती.

ताईंना आणि मुलाला जानेवारीत सांगितलं. मी मनात दोन-चार वाक्यं जुळवून गेलो होतो. ताईंनी पहिल्याच वाक्याला थांबवलं. "दादा, मला दिवाळीतच कळलं. दिवाळीच्या सुटीआधी तुम्ही सोल्डर वायरचे नवे रोल मागवले नाहीत." आमच्याकडे दहा माणसं नसल्यामुळे ग्रॅच्युइटीचा कायदा लागू नव्हता, तरी वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार हा त्यातलाच हिशोब धरला आणि दोघांना दिला. तो पैसा बाजूला काढूनच बंद करायची तारीख पक्की केली होती. ताई आता खेड शिवापूरकडे वायर हार्नेसच्या कारखान्यात जातात. मुलाचं पुढे सांगतो.

कागदपत्रांपैकी सगळ्यात जड गेला तो स्टॉक. जीएसटी नोंदणी रद्द करताना त्या दिवशी तुमच्याकडे जो माल शिल्लक असेल, त्यावर पूर्वी घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, सरकारला परत करावं लागतं. कच्चा माल, अर्धवट झालेला माल, तयार माल, सगळ्यावर. त्यामुळे 'अंदाजे दोन लाखांचे पार्ट्स' असं लिहून भागत नाही, यादी लागते. आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या गाळ्यात यादी म्हणजे काय, हे ज्याने खण उघडलेत त्यालाच कळेल. एक रुपयाचा रेझिस्टर पाच हजारांच्या लॉटमध्ये घेतलेला. एका मॉडेलसाठी मागवलेले आणि मॉडेलच रद्द झाल्यामुळे पडून राहिलेले स्विच. कुणीतरी कधीतरी दिलेल्या ईएल८४ व्हॉल्व्हची, म्हणजे जुन्या ॲम्प्लिफायरमधल्या काचेच्या नळ्यांची, खोकी. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तर इतके जुने की वापरायचे झाले तर आधी हळूहळू व्होल्टेज चढवून जागे करावे लागतील.

रेझिस्टर मोजायला बसलो तेव्हा ताई म्हणाल्या, "शंभर मोजा, वजन करा, मग बाकीचे नुसते काट्यावर टाका." मग सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा आणला. पुढचं काम भराभर झालं. बिलं सापडत होती त्या मालाचं क्रेडिट बिलावरून निघालं. बिलं सापडली नाहीत त्याला बाजारभाव धरायचा आणि त्यावर सीएचं प्रमाणपत्र. मॅडमनी तो भाग वाचून एवढंच विचारलं, "हे व्हॉल्व्ह कुणाला हवे असतात का अजून?"

असतात. म्हणूनच ज्यांना असं काही बंद करायचं आहे त्यांना सांगतो: नोंदणी चालू आहे तोवर विकता येईल तेवढं बिल करून विका. आम्ही फेब्रुवारीतल्या रविवारी गाळा उघडा ठेवला आणि ओळखीच्या लोकांना कळवलं. इंजिनिअरिंगची मुलं आली, ती ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक घेऊन गेली. निवृत्त झालेले दोन-तीन इंजिनिअर आले. त्यांनी घेतलं थोडं आणि सांगितलं पुष्कळ. त्यातले एक गृहस्थ व्हॉल्व्हच्या खोक्यापाशी बराच वेळ बसून प्रत्येक नळी उजेडात धरून बघत होते. शेवटी चार घेतल्या, बिलावरचा १८ टक्के कर बघून भुवया उंचावल्या, पण घासाघीस केली नाही. जुन्या बाजारात न्यायचा माल शेवटी फारसा उरलाच नाही. जळके ट्रान्सफॉर्मर आणि मेलेले बोर्ड भंगारवाल्याला न देता परवाना असलेल्या ई-कचरा संकलकाकडे दिले. भंगारवाल्याने तांब्याचे पैसे जास्त दिले असते. पण तो बोर्ड जाळून तांबं काढतो, तेही ठाऊक होतं.

यंत्रांचा नियम वेगळा. त्यांचं आयुष्य पाच वर्षांचं धरतात आणि उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात क्रेडिट परत करायचं. ऑसिलोस्कोप जुना होता, त्याच्यावरचं काही उरलं नव्हतं. ऑडिओ ॲनलायझर मात्र दोनच वर्षांपूर्वी ५०,००० ला घेतला होता आणि तो मला घरी ठेवायचा होता. त्यावरचं क्रेडिट ९,०००. साठ महिन्यांपैकी छत्तीस शिल्लक, म्हणून ५,४०० परत. त्याच्या आजच्या किमतीवरचा कर याहून जास्त निघाला असता तर तो भरावा लागला असता.

बाकीचं कागदी काम कंटाळवाणं आहे, अवघड नाही. जीएसटी नोंदणी रद्द करण्याचा अर्ज आरईजी-१६ या फॉर्ममध्ये. एक शंका विचारली गेली, तिला स्टॉकची यादी जोडून उत्तर दिलं. मग आरईजी-१९ मध्ये आदेश आला. इथे बरेच जण सुटलो म्हणून थांबतात. त्यानंतर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हा शेवटचा रिटर्न भरायचा असतो, नाहीतर विलंब शुल्क चढत जातं. व्यवसाय कराची नोंदणीही वेगळी रद्द करावी लागते, ती आपोआप जात नाही आणि वर्षाचे २,५०० रुपये मागत राहते. शॉप ॲक्टला बंद केल्याची सूचना, उद्यम नोंदणी रद्द, आणि करंट खातं सगळ्यात शेवटी, कारण कुणाचा ना कुणाचा एखादा परतावा यायचा असतोच. हिशोबाची कागदपत्रं मात्र वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपायची. त्यामुळे गाळ्यातलं लोखंडी कपाट घरी आलं. ते जिन्यातून वर चढवताना बायको म्हणाली, "धंदा बंद केलास की घरी आणलास?"

मध्येच एक व्यापारी नाव विकत घ्यायला आला. ट्रेडमार्क, लोगो, जुन्या गिऱ्हाइकांची यादी, सगळं मिळून बरी रक्कम सांगत होता. तयार चिनी क्लास-डी (स्विचिंग पद्धतीच्या ॲम्प्लिफायरचे) बोर्ड आमच्यासारख्या डब्यात घालून विकायचा त्याचा विचार, आणि तो त्याने अजिबात लपवला नाही. क्लास-डी वाईट असतं असं मी म्हणणार नाही, चांगले बोर्ड चांगलेच वाजतात. पण ज्यांच्या घरी आमचा डबा आहे ते दुरुस्तीला त्याच्याकडे जाणार आणि त्याला आतलं काही माहीत नसणार. ट्रेडमार्क दहा वर्षांचा असतो. मुदत संपली की जाईल. नूतनीकरण करणार नाही.

दुरुस्तीचा विचार मी इतर कशाहूनही जास्त केला. सरकारी नोंदण्या एकामागून एक मिटतात, विकलेले डबे लोकांच्या दिवाणखान्यात चालूच राहतात. शेवटच्या लॉटची वॉरंटी २०२८ च्या सुरुवातीपर्यंत आहे, ती मी व्यक्तिशः पाळतोय. वॉरंटी संपलेल्यांसाठी काय करायचं? शेवटी ज्यांचे पत्ते होते त्या सगळ्या गिऱ्हाइकांना एकेक लिफाफा पाठवला. त्यात पूर्ण सर्किट, बोर्डाचा नकाशा, कुठल्या टोकाला किती व्होल्ट दिसले पाहिजेत त्याचा तक्ता. प्रीॲम्पवाल्यांना शिवाय अँटिस्टॅटिक पिशवीत २एसके१७० ची जुळवलेली अस्सल जोडी. खण रिकामा होईपर्यंत ताई जोड्या लावत होत्या. एका मित्राने वेड्यात काढलं: "सर्किट वाटून टाकलंस? कुणीही कॉपी करेल." करू दे की. एवढ्या नफ्यात कॉपी करणाऱ्याचं मला कौतुकच वाटेल.

उरलेले सुटे भाग आणि टेस्टिंगचा जिग मुलाला दिला. त्याने धायरी फाट्याजवळ दुरुस्तीचं छोटं काउंटर काढलंय. आमचे डबे त्याच्याकडे येतात, पण त्याचं पोट चालतं ते साऊंडवाल्यांच्या मिक्सर आणि पॉवर ॲम्प्लिफायरवर. गणपतीच्या आधीचा महिनाभर तो फोन उचलत नाही. मंडळांचे फोन आता मी सरळ त्याच्याकडे वळवतो.

घरी परतल्यावर काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. सदाशिव पेठेतला मावशीचा वाडा पुनर्विकासाला गेला. सामान हलवताना माळ्यावर ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकड्यांची पेटी निघाली. एचएमव्ही, ओडियन, यंग इंडिया. बहुतेक नाट्यपदं, थोडी भावगीतं. "तुझ्याशिवाय हे कुणाला देऊ?" म्हणत मावशीने ती माझ्या हवाली केली. मी स्वतः बनवलेला प्रीॲम्प लावून पहिली तबकडी वाजवली आणि गायिका रजईखालून गातेय असं ऐकू आलं.

त्याचं कारण सोपं आहे. तबकडी कापताना खर्ज दाबतात, वरचे सूर उठवतात आणि वाजवताना त्याच्या उलट करायचं. एलपीसाठी हा उलटा वक्र १९५४ मध्ये आरआयएए या अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेच्या नावाने प्रमाण ठरला. ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद हे त्याचे तीन आकडे मला झोपेतही सांगता येतील, कारण आमच्या प्रत्येक प्रीॲम्पमध्ये ते पक्के जडवलेले होते. ७८ च्या बहुतेक तबकड्या त्याआधीच्या, आणि तेव्हा ज्या त्या कंपनीचं गणित वेगळं. एचएमव्हीच्या १९३०-४० च्या दशकांतल्या तबकड्यांना खर्जाचा टर्नओव्हर (ज्या कंपनसंख्येखाली खर्ज दाबलेला असतो ती) साधारण २५० हर्ट्झ धरतात आणि वरच्या सुरांना काही करायचंच नसतं. त्या आरआयएएतून वाजवल्या की खालचं फुगतं आणि १० किलोहर्ट्झला जवळजवळ १४ डेसिबलची कात्री लागते. शब्दांतले 'स' आणि 'श' पहिले जातात.

म्हणून आता एक प्रीॲम्प बनवलाय, एकच. दोन रोटरी स्विच. एकाने टर्नओव्हर बदलतो, दुसऱ्याने वरच्या सुरांचा उतार. तिसरा स्विच दोन्ही चॅनल जोडतो. ७८ ची खाच फक्त आडवी हलते, त्यामुळे स्टिरिओ कार्ट्रिजचे दोन चॅनल एकत्र केले की उभ्या हालचालीतून येणारी बरीचशी खरखर कापली जाते. सुईही वेगळी लागते. एलपीची सुई १८ ते २५ मायक्रॉनची, ती ७८ च्या रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते. इथे ६५ ते ७५ मायक्रॉनची हवी. डबा रिजेक्ट लॉटमधला आहे, त्यामुळे ज्या स्विचखाली 'व्हॉल्यूम' छापलंय तो टर्नओव्हर आहे. हे मला गिऱ्हाइकासाठी कधीच करता आलं नसतं.

तबकड्या धुताना अल्कोहोल लावायचं नाही, लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, त्यात थेंबभर सौम्य साबण, मऊ ब्रश. रेकॉर्डिंग ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट. खरखर काढणारं सॉफ्टवेअर मी वापरत नाही. एकदा वापरलं तर तबल्याची चाट निम्मी गेली.

सगळ्यात मजा येते वेग ठरवताना. लेबलवर ७८ लिहिलंय म्हणून कापताना ७८ च होता असं नाही, आणि अर्ध्या स्वराचा फरक म्हणजे वेगात फक्त सहा टक्के, मिनिटाला साडेचार-पाच फेरे. शेजारी पेटी वाजवणारे काका राहतात. त्यांना संध्याकाळी बोलावतो. ते स्वतःची पेटी घेऊन येतात, तबकडीतल्या पेटीबरोबर सूर धरतात आणि सांगतात, "हे पांढरी चार आणि काळी तीनच्या मध्येच लोंबकळतंय. हळू कर जरा. अजून. हां, आता पांढरी चार." त्यावर ते स्वतःच शंका काढतात, की त्या वेळची पेटी आजच्यासारखी लावलेली होती कशावरून? मग चहा होतो आणि आम्ही त्याच गायिकेची दुसरी तबकडी लावून ताडून बघतो. एका तबकडीला तास जातो. धंद्यात असतो तर हा तास कुठल्या खात्यात टाकला असता, कोण जाणे.

काकांच्या ओळखीतले एक संग्राहक हे ऐकायला आले होते. त्यांच्याकडे काही शे तबकड्या आहेत. दोन तबकड्या ऐकल्यावर त्यांनी खिशातून डायरी काढली. "मला एक असा करून द्या. काय घ्याल?" विकत नाही म्हटल्यावर त्यांना ती भाव वाढवायची युक्ती वाटली असावी, कारण त्यांनी आकडा सांगितला, आणि तो माझ्या जुन्या ॲम्प्लिफायरपेक्षा मोठा होता. मी त्यांना सर्किटची झेरॉक्स दिली, भागांची यादी दिली, तपकीर गल्लीतली दोन दुकानं सांगितली आणि रविवारी सोल्डरिंग आयर्न घेऊन यायला सांगितलं. वय सत्तरच्या पुढे, हात किंचित थरथरतो, पण जॉइंट स्वच्छ करतात. त्यांचा प्रीॲम्प परवा पहिल्यांदा चालू झाला. डाव्या चॅनलला ५० हर्ट्झची हम, म्हणजे विजेची घुमघुम, आहे. अर्थ दोन ठिकाणी जोडला गेला असावा असं मला वाटतं, त्यांना वाटतं ट्रान्सफॉर्मर फार जवळ बसलाय. येत्या रविवारी उघडून बघू.